कॅम्पर व्हॅनच्या सोलरसाठी इन्व्हर्टर निवडताना : आधी ओटा, मग वॉट

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करायला घेतलेल्या माणसाचा पहिला फोन सोलर पॅनलबद्दल असतो आणि दुसरा इन्व्हर्टरबद्दल. "ताई, किती वॉटचा घेऊ?" मी उलट विचारते, "गाडीत काय शिजवणार?"

हा प्रश्न लोकांना आधी विचित्र वाटतो. पण गाडीतले दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप आणि मोबाइल हे सगळं थेट १२ व्होल्टवर चालतं, त्याला इन्व्हर्टर लागतच नाही. २३० व्होल्ट लागतात ते मिक्सरला, राइस कुकरला, किटलीला, इंडक्शनला. म्हणजे इन्व्हर्टरचा आकार ठरवतो तो ओटा. एकदा ओटा नक्की झाला की बॅटरी, केबल, फ्यूज हे सगळं त्याच्या मागून सरळ येतं. उलटं केलं, आधी ऑफरमधला ३००० वॉटचा इन्व्हर्टर आणला, तर बाकी सगळी गाडी त्याच्या मागे फरफटत जाते.

मी चाकणला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात वायरिंग बघते. आमच्या गाडीतली वीज मीच जोडली आहे. सासूबाईंना घेऊन आम्ही बहुतेक कोकणात जातो. खाली जे लिहितेय ते त्या गाडीवरून, आणि त्यात केलेल्या एका मोठ्या चुकीवरूनही.

पहिलं काम : १२ व्होल्टवर जे चालेल ते बाजूला काढा

छतावरचं पॅनल एमपीपीटी चार्ज कंट्रोलरमधून (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला बेताने देणारं यंत्र) बॅटरी भरतं. इन्व्हर्टर बॅटरीतून वीज घेतो. सूर्य आहे की नाही याच्याशी इन्व्हर्टरला काही देणंघेणं नसतं. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण घराच्या गच्चीवरच्या सोलरचा जुना ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वस्तात मिळाला म्हणून घेणारेही भेटतात. महावितरणची लाइन नसेल तर तो चालूच होत नाही. गाडीत त्याचा उपयोग शून्य.

बॅटरीची वीज इन्व्हर्टरमधून २३० करायची आणि मग अ‍ॅडॅप्टरने परत १९ किंवा ५ व्होल्टवर आणायची, यात दोनदा गळती होते. चांगला इन्व्हर्टरही साधारण दहा ते पंधरा टक्के वीज उष्णतेत घालवतो. म्हणून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या, पंखा १२ व्होल्टचा लावा, लॅपटॉपसाठी टाइप-सीचा कार चार्जर घ्या. घरातला कोणी रात्री श्वासाचं मशीन वापरत असेल, तर त्या मशीनचा कंपनीचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर मिळतो का ते आधी बघा. रात्रभर इन्व्हर्टर चालू ठेवायची वेळ टळते.

आमच्या गाडीतला १२ व्होल्टचा रोजचा खर्च असा. ४५ वॉटचा फ्रिज उन्हाळ्यात निम्मा वेळ चालतो, म्हणजे ५४० वॉट-तास. ३० वॉटचा पंखा दहा तास, ३००. दिवे ५०, पंप ३०, मोबाइल वगैरे ६०. एकूण ९८०, म्हणजे जवळपास एक युनिट.

मग ओट्याची यादी

आमच्या ओट्यावर ७५० वॉटचा मिक्सर आणि ७०० वॉटचा राइस कुकर आहे. मिक्सर दिवसाला दहा मिनिटं चालतो, १२५ वॉट-तास. कुकर अर्धा तास, ३५०. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर बॅटरीतून साधारण ५४० जातात. एकूण दिवस दीड युनिटात बसतो. आमटी, पोळ्या, मासे गॅसवर. ५ किलोचा सिलिंडर, गळतीचा अलार्म आणि खालच्या बाजूला हवा जायला झरोका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो.

आता यात इंडक्शन घालून बघा. दोन वेळचा स्वयंपाक दीड तास, सरासरी १२०० वॉट, म्हणजे १८०० वॉट-तास, गळतीसह दोन हजारांच्या वर. एका वस्तूने गाडीचा सगळा खर्च दुपटीच्या पुढे जातो. पॅनल दुप्पट, बॅटरी दुप्पट, केबल दुप्पट जाड. इंडक्शन वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते हवं असेल तर गाडीची सगळी वीज त्याच्याभोवती उभी करावी लागते, एवढं आधी कळलं पाहिजे.

इंडक्शनची एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. "आम्ही ४०० वरच ठेवू, छोटा इन्व्हर्टर पुरेल" असं अनेकांना वाटतं. बऱ्याच शेगड्या खालच्या सेटिंगवर खरोखर ४०० वॉट घेत नाहीत. त्या हजार-बाराशे वॉट घेतात, थांबतात, परत घेतात, आणि सरासरी ४०० भरते. इन्व्हर्टरला दर वेळी पूर्ण झटका बसतो. घरी प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर मिळतं, ते लावून अर्धा तास बघा. आकडा उड्या मारताना दिसेल.

मिक्सरचं दुखणं वेगळं. त्याचा ७५० हा चालू असतानाचा आकडा. बटण फिरवल्याच्या क्षणी मोटर त्याच्या दुप्पट-तिप्पट खेचते, आणि भांड्यात ओलं खोबरं घट्ट बसलेलं असेल तर थोडा जास्त वेळ खेचत राहते. त्यामुळे इन्व्हर्टरचे दोन आकडे लागतात : सलग किती देतो, आणि क्षणभर किती देतो. घरचा साधा कॉम्प्रेसरवाला फ्रिज गाडीत घालायचा विचार असेल, तर तो सुरू होताना पाच-सात पट खेचतो हेही धरा.

एकाच वेळी काय चालेल ते लिहून काढा. आमच्याकडे मिक्सर आणि कुकर एकत्र लावायचे नाहीत हा नियम आहे, म्हणून सर्वांत मोठा लोड ७५० आणि लॅपटॉप लागलाच तर ६०. त्यावर पाव भाग मोकळीक धरली की साधारण १००० वॉट सलग, आणि झटक्याला २००० च्या वर.

खोक्यावरचा आकडा कोणता?

इथे फसगत होते. खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० वॉट लिहिलेलं असतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात ५०० सलग. मोठा आकडा क्षणभराचा असतो. नेहमी सलग, म्हणजे कंटिन्युअस, आकडा शोधा. तो दिलेलाच नसेल तर तो इन्व्हर्टर खाली ठेवा.

दुसरं म्हणजे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि वॉट. आपल्याकडे इन्व्हर्टर व्हीएवर विकले जातात. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० वॉटच्या आसपास देतो, ९०० नाही.

तिसरी गोष्ट आपल्या हवेत फार महत्त्वाची. बहुतेक कंपन्या आकडा २५ अंश तापमानाचा देतात. व्हिक्ट्रॉन कंपनीचा ३००० व्हीएचा मल्टिप्लस हा इन्व्हर्टर-चार्जर उदाहरणाला घ्या. माहितीपत्रकात २५ अंशांना २४०० वॉट, ४० अंशांना २२०० आणि ६५ अंशांना १७०० असं स्पष्ट लिहिलेलं आहे. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या सीटखालच्या खणात ४० अंश म्हणजे काहीच नाही. जी कंपनी हा तक्ता छापते तिच्यावर माझा जास्त विश्वास बसतो. हे तीन हिशेब करून आम्ही १५०० वॉट सलग देणारा घेतला. १००० पुरला असता तो फक्त कागदावर.

आणि वेव्ह? प्युअर साइन वेव्हच घ्या, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. स्वस्तातला 'मॉडिफाइड' पायऱ्यापायऱ्यांची वीज देतो. मोटरी गुणगुणतात आणि तापतात, मायक्रोवेव्ह मंद चालतो, काही इंडक्शन शेगड्या एरर दाखवून बंद पडतात. दिवा आणि मोबाइल चार्जर चालतील, पण ते तर आपण १२ व्होल्टवर घेतलेच आहेत.

घरी पडून असलेला इन्व्हर्टर चालेल का?

हा प्रश्न दर दुसऱ्या माणसाचा, आणि तो रास्त आहे, कारण लोडशेडिंगच्या काळातला इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी पुष्कळ घरांत अजून पडलेली असते.

माझं उत्तर नाही असं आहे. १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, आत पातळ अ‍ॅसिड. ती उभी, हलणार नाही अशा जागी ठेवायला बनवलेली. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि गाडीत तिच्या शेजारी आपण झोपणार, वर गॅस पेटवणार. शिवाय तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असते, नाहीतर आयुष्य झपाट्याने कमी होतं. घरच्या इन्व्हर्टरचा चार्जरही लेड-अ‍ॅसिडच्या व्होल्टेजवर बेतलेला असतो. लिथियमसाठी वेगळं सेटिंग नसेल तर तो जोडू नये. आतला जड ट्रान्सफॉर्मर घाटातले हादरे सोसायला बसवलेला नसतो.

गाडीला लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आणि वेगळा इन्व्हर्टर हाच मार्ग मला पटतो.

बॅटरी तेवढा करंट देऊ शकते का?

१०० अँपिअर-तासांच्या १२.८ व्होल्ट लिथियम बॅटरीत १२८० वॉट-तास मावतात. पण एकदम किती द्यायचं हे तिच्या आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, ठरवतं. बहुतेकांत ती मर्यादा १०० अँपिअरची असते. १०० गुणिले १२.८ म्हणजे १२८० वॉट, त्यातून इन्व्हर्टरची गळती वजा केली की हातात ११०० च्या आसपास. अशा एका बॅटरीवर २००० वॉटचा इन्व्हर्टर लावला तर बीएमएस मधेच वीज तोडतं, आणि तुम्हाला वाटतं इन्व्हर्टर बिघडला.

सोपं गणित लक्षात ठेवा : १२ व्होल्टवर वॉटला दहाने भागा, साधारण तेवढे अँपिअर. १५०० वॉट म्हणजे १५०. म्हणून आम्ही दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या, २०० अँपिअरपर्यंत जागा झाली आणि साठा २५६० वॉट-तासांचा.

हा साठा भरून निघतो का तेही बघा. आमची ४०० वॉटची पॅनल छतावर सपाट आहेत. चांगल्या दिवशी साडेचार तासांचं पूर्ण ऊन धरलं आणि उष्णता, धूळ, सावली यांपायी तीस टक्के वजा केले तर १२६० मिळतात. पॅनल ६५ अंशांपर्यंत तापतं तेव्हा फक्त उष्णतेनेच पंधरा टक्क्यांच्या आसपास जातात. उरलेले अडीचशे-तीनशे गाडी चालताना अल्टरनेटरवरून, ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरमधून येतात. तासाभराच्या प्रवासात पुरे होतं. पावसाळ्यात पॅनलच्या भरवशावर राहू नका, तेव्हा गाडीतली वीज या चार्जरवरच चालते.

२००० वॉटच्या पुढे सलग लोड असेल तर २४ व्होल्टचा विचार करा, करंट निम्मा होतो. त्याखाली मी १२ सोडणार नाही, कारण फ्रिज, पंखा, पंप सगळं १२ चं सहज मिळतं.

माझी चूक : तीन मीटर केबल

पहिल्या वर्षी इन्व्हर्टर ड्रायव्हरच्या मागे बसवला होता, स्विच हाताशी यावा म्हणून. बॅटऱ्या मागच्या पलंगाखाली. मधलं अंतर तीन मीटर. घरात १० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल शिल्लक होती, ती ओढली. मीटरवर सगळं ठीक दिसलं, मोबाइल चार्ज झाला, आम्ही निघालो.

आंजर्ल्याला गाडी लावली. हर्णैहून बांगडे आणले होते. सासूबाईंनी ओलं खोबरं, मिरच्या, धणे, हळद मिक्सरच्या छोट्या भांड्यात घातलं, बटण फिरवलं. भांडं घूं करून जेमतेम अर्धा फेरा फिरलं आणि इन्व्हर्टर किंचाळायला लागला. लो बॅटरी. बॅटरी ९० टक्के भरलेली.

मल्टिमीटर काढला. मिक्सर सुरू करताना बॅटरीच्या टोकांवर १२.७ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टोकांवर १०.४. दोन व्होल्टच्या वर वाटेतच गेले होते. पलंगाखाली हात घालून केबलला स्पर्श केला, ती कोमट नव्हती, गरम होती. पाट्यावरचं वाटण करून त्या दिवशीचं सार झालं. शेजारच्या घरातल्या आजींनी पाटा दिला.

रोज कारखान्यात दुसऱ्यांचे व्होल्टेज ड्रॉप मोजणाऱ्या मला हे आधी कळायला हवं होतं. तांब्याच्या १० स्क्वेअर एमएम केबलचा रोध मीटरला सुमारे १.७५ मिलिओहम. जाऊन-येऊन सहा मीटर म्हणजे साडेदहा मिलिओहम. झटक्याला १८० अँपिअर गेले की १.९ व्होल्ट केबलमध्येच, बाकीचे लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत. मोबाइल चार्ज करताना करंट दोन अँपिअरचा, म्हणून तेव्हा काही कळलं नाही.

परत आल्यावर इन्व्हर्टर बॅटरीशेजारी आणला. ५० स्क्वेअर एमएमची लवचीक केबल, साठ सेंटिमीटर. आता तोच झटका बसताना फरक जेमतेम एक दशांश व्होल्टचा येतो. स्विचसाठी रिमोटची बारीक वायर पुढे नेली. इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवा आणि लांब अंतर २३० व्होल्टच्या वायरला कापू द्या. तिथे करंट सहा-सात अँपिअरच असतो.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत हवा. १५०० वॉटला साधारण १४२ अँपिअर होतात, त्यावर पाव भाग, म्हणून १७५ चा. लिथियम बॅटरीचा शॉर्ट सर्किट करंट हजारो अँपिअरचा असू शकतो, तो तोडायची ताकद असलेला क्लास-टी फ्यूज घ्या. घरातला एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) २३० व्होल्टच्या एसी विजेसाठी असतो, तो इथे चालत नाही. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या, टिनचा थर असलेले. खाऱ्या हवेत उघडं तांबं एका मोसमात हिरवं पडतं. पक्कड आणि हातोडीने ठोकलेला लग मी स्वीकारत नाही, कोणी कितीही अनुभवी असो.

पहिल्यांदा जोडताना शेवटच्या टोकाला मोठी ठिणगी उडते. इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर रिकामे असतात आणि एकदम भरतात. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब मध्ये धरून काही सेकंद थांबा. बल्ब क्षणभर उजळून विझला की मग लग बसवा.

रिकामा इन्व्हर्टर किती खातो?

काहीच लावलेलं नसताना चालू इन्व्हर्टर स्वतःसाठी वीज घेतो. २५ वॉट घेणारा इन्व्हर्टर दिवसभर चालू राहिला तर ६०० वॉट-तास गेले. आमच्या साठ्याचा हा जवळजवळ पाव भाग, पंखा आणि दिवे मिळून खातात त्याहून जास्त. गरजेपेक्षा मोठा इन्व्हर्टर घेऊ नका यामागचं हे खरं कारण. मोठा इन्व्हर्टर सहसा जास्त खातो, काम असो वा नसो. माहितीपत्रकात 'नो लोड' ची ओळ वाचा, आणि ओट्याजवळ रिमोट स्विच लावा. वाटण झालं की बंद.

शॉकपासून संरक्षण

हा भाग कोणी वगळू नये. घरात आरसीसीबी (वीज भलतीकडे गळली की लाइन तोडणारा स्विच) काम करतो कारण न्यूट्रल कुठेतरी जमिनीशी जोडलेला असतो. गाडीतल्या इन्व्हर्टरची दोन्ही टोकं बहुधा कशालाच जोडलेली नसतात. पहिला दोष कळत नाही, दुसऱ्या दोषाला माणूस मध्ये सापडतो, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गप्प बसून राहतो. त्यासाठी न्यूट्रल एका ठिकाणी गाडीच्या चासीला जोडावा लागतो. पण काही स्वस्त इन्व्हर्टर असे बनवलेले असतात की न्यूट्रल चासीला जोडला तर जळतात. म्हणून खरेदीच्या आधी विचारा : न्यूट्रल-अर्थ जोडायला परवानगी आहे का? विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही तर मॅन्युअल मागवा. उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.

बाहेरची वीज घ्यायची असेल तर इन्व्हर्टर-चार्जर एकत्र असलेलं यंत्र सोयीचं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण सगळीकडे गाडीसाठी खास सॉकेट मिळेलच असं नाही. बरेचदा होमस्टेच्या व्हरांड्यातला ६ अँपिअरचा प्लग वाट्याला येतो. त्यातून किती घ्यायचं ही मर्यादा यंत्रात लावता आली पाहिजे. आम्ही ५ वर ठेवतो, यजमानांचा एमसीबी पडत नाही. अशा चांगल्या यंत्रात आतला रिले (आपोआप चालणारा स्विच) बाहेरची वीज लागताच न्यूट्रल आणि चासीची जोडणी सोडतो आणि बाहेरची वीज गेल्यावर परत धरतो. न्यूट्रल दोन ठिकाणी जोडलेला राहता कामा नये.

बसवणं आणि तपासणं

हजार वॉट देणारा इन्व्हर्टर शंभरच्या वर वॉट उष्णता बाहेर टाकतो. बंद पलंगाच्या खोक्यात कोंडू नका, दोन बाजूंना जाळी द्या आणि अंथरूण त्यावर सरकणार नाही अशी फळी लावा. पंख्याचं तोंड मागच्या चाकाकडे नको, धूळ ओढली जाते. गाडीत बदल करताना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची मंजुरी लागते, ते काम वायरिंगच्या आधी विचारून घ्या.

निघण्याआधी दारातच पूर्ण दिवस काढा. भांड्यात खरोखरचं खोबरं घालून मिक्सर चालवा. कुकर अर्धा तास लावा, मग इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक लगशेजारी हात लावून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो उघडून परत दाबा. पहिला घाट उतरल्यावर पाना घेऊन सगळे नट पुन्हा आवळा. आमच्या गाडीत पहिल्या प्रवासानंतर आठांपैकी दोन सैल झाले होते, स्प्रिंग वॉशर घातल्यापासून एकही नाही.